स्टेपलर आहे का मॅडम?

डिसेंबरातली गोष्ट आहे, गुरुवारची. तिसरा तास संपत आला होता आणि मी माझ्या समुपदेशनाच्या खोलीला कुलूप लावत होते, कारण ऑफिसातून निरोप आला होता की आठवी ब वर बाई नाहीत, तुम्ही जरा जाऊन बसता का. त्या कुलपाची किल्ली सरळ फिरत नाही, कुलूप थोडं वर उचलून धरावं लागतं, त्या खटाटोपात असताना मागून आवाज आला, "मॅडम, स्टेपलर आहे का?" वळून बघितलं तर दहावीतला एक मुलगा. नाव माहीत नव्हतं, चेहरा ओळखीचा, उंच, शर्टाच्या बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर गेलेल्या, ह्या वयात जूनमध्ये घेतलेला गणवेश दिवाळीपर्यंतसुद्धा पुरत नाही. मी म्हटलं अरे ऑफिसात मामांकडे माग ना, मी तासावर चाललेय. तो म्हणाला बरं. मग दोन पावलं गेला, थांबला आणि विचारलं, तुम्ही परत कधी असता? मी म्हटलं मंगळवारी. परत बरं म्हणाला आणि जिन्याकडे गेला. मी आठवी ब मध्ये जाऊन बसले, पोरांचा गोंधळ चाललेला, कुणीतरी डब्यातली पोळीभाजी बेंचखाली उघडलेली, सगळ्या वर्गात भेंडीच्या भाजीचा वास, आणि तो तास अर्धा झाला असेल तेव्हा माझ्या एकदम लक्षात आलं की त्या मुलाच्या हातात कागद नव्हता.

एकसुद्धा कागद नव्हता. दोन्ही हात मोकळे.

मी तशीच उठून दारापर्यंत गेले, पण वर्ग सोडून जाणार कुठं आणि कोणत्या तुकडीत शोधणार, दहावीच्याच चार तुकड्या आहेत आमच्याकडे. परत येऊन बसले. तो तास संपेपर्यंत मला त्या पोरांचा राग येत होता, ज्यांचा त्यात काहीच दोष नव्हता.

स्टेपलरचं काय ते सांगते. मी शाळेत समुपदेशक म्हणून आठवड्यातून दोन दिवस जाते, मंगळवार आणि गुरुवार, कल्याणच्या पुढच्या एका स्टेशनाजवळची मराठी शाळा, दोन पाळ्या मिळून चौदाशेच्या आसपास मुलं. अनुदानित शाळेत ह्या कामाचं मंजूर पद नाहीये, माझं मानधन संस्था आपल्या पैशातून देते आणि मला जी खोली दिली आहे ती आधी खेळाच्या सामानाची होती. अजूनही अर्धी तशीच आहे. कोपऱ्यात चटया, एक तुटका कॅरम बोर्ड, खिळ्याला टांगलेल्या दहाबारा लेझिमी. पंखा लावला की त्या किणकिणतात, आणि फास्ट लोकल गेली की अख्खी भिंत थरथरते आणि सगळ्या एकदम वाजतात. सुरुवातीला मला तो आवाज नको वाटायचा, बोलता बोलता मूल थांबायचं, पण नंतर कळलं की त्यांना तो थांबा बरा वाटतो. गाडी जाईस्तोवर बोलायचं नसतं, तेवढ्यात डोळे पुसून घेता येतात.

अडचण खोलीची नव्हतीच, अडचण दाराची होती. माझं दार ऑफिसच्या बरोबर समोर आहे, आत कोण गेलं ते शिपाई मामांपासून शिकवणाऱ्या बाईंपर्यंत सगळ्यांना दिसतं आणि मधल्या सुट्टीपर्यंत वर्गात पोचलेलं असतं. पहिल्या वर्षी एक मुलगी दोनदा आली आणि तिसऱ्या वेळेस आलीच नाही, कारण वर्गात तिला 'मेंटल' म्हणायला लागले होते. त्यानंतर मी हळूहळू टेबलावर वस्तू आणून ठेवल्या. स्टेपलर, पंचिंग मशीन, आलेखाचे कागद, सुईदोरा, ड्रॉवरमध्ये सॅनिटरी पॅड, गोंदाची बाटली. म्हणजे येणाऱ्याला काहीतरी कारण पाहिजे ना. आता पोरं सर्रास येतात, जर्नल लावायला, प्रकल्पाची पानं जोडायला, आणि त्यातल्या दहातल्या नऊ जणांना खरंच स्टेपलरच पाहिजे असतो. ते खटखट पिना मारतात, थँक्यू म्हणतात आणि पळतात. दहावं जे असतं ते पिन मारून झाल्यावर पण स्टेपलर हातातच ठेवतं. उघडतं, बंद करतं, पिना मोजतं. मी काही विचारत नाही, माझं लिहिणं चालू ठेवते, आणि कधी दोन मिनिटांनी तर कधी तीन आठवड्यांनी वाक्य येतं. "मॅडम, एक विचारू का, माझं नाही, माझ्या मैत्रिणीचं आहे."

आणि ह्या मुलाला मी सांगितलं होतं की मामांकडे जा.

शिक्षक आणि पालक दोघांचीही एक समजूत आहे, आणि मी त्यांना दोष देत नाही कारण मलाही शिकायच्या आधी तसंच वाटायचं, की समुपदेशक म्हणजे समजावून सांगणारी बाई. पालक येतात ते हेच म्हणत येतात, "मॅडम, ह्याला जरा समजावा." मुलगा बाजूला मान खाली घालून उभा, आई पदराने घाम पुसतेय, बाबा उभ्याउभ्याच बोलतात कारण रिक्षा बाहेर लावलेली असते. मोबाइल सोडत नाही, गणितात अकरा मार्क, उलट उत्तरं देतो. समजावा. अहो पण त्याला सगळे समजावतच आहेत सकाळपासून, घरी, क्लासला, वर्गात, त्याच्या आयुष्यात समजावणाऱ्यांची काय कमी आहे. त्याला विचारणारं कोणी नाहीये. मी आईबाबांना बाहेर बसवते आणि पहिले पाचसात मिनिटं काहीच होत नाही, खरंच काहीच नाही, तो लेझिमींकडे बघत बसतो आणि मी त्याला बघू देते. हे बाहेरून कोणी बघितलं तर म्हणेल की बाई रिकामी बसली आहे. पण माझं निम्मं काम हे रिकामं बसणंच आहे, आणि हे मला अकरा वर्षांत कुठल्याही मुख्याध्यापकांना, कुठल्याही मीटिंगमध्ये, नीट पटवून देता आलेलं नाही. कारण रिकामा माणूस दिसला की शाळेत त्याला बदली तास मिळतो.

माझ्या दहावीला, १९९४ मध्ये, आमच्या शाळेत समुपदेशक हा शब्दच नव्हता. मला ८१ टक्के पडले. बाबा कारखान्यात होते, त्यांनी पेढे वाटले, आणि रात्री जेवताना सायन्सचा विषय निघालासुद्धा नाही, तो ठरलेलाच होता. एवढे मार्क पडल्यावर आर्ट्सला कोण जातं. मला मराठी आणि इतिहास आवडायचा, विज्ञानाचं मी पाठ करायचे, समजायचं नाही फारसं. हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं. शाळेत एक शिपाई मावशी होत्या, पाण्याच्या टाकीपाशी स्टुलावर बसायच्या, आणि दुपारी घंटा देऊन झाली की मांडीवर पेपर पसरून भाजी निवडायच्या, बहुतेक मेथी. मी शेजारी पायरीवर बसून निवडू लागायचे. हिरव्या देठांचा तो कडसर वास बोटांना संध्याकाळपर्यंत असायचा. त्या फार बोलायच्या नाहीत. एकदा मी म्हटलं, मावशी मला सायन्स नाही घ्यायचं. त्या म्हणाल्या, "बाबांना सांगितलंस?" मी म्हटलं नाही. "सांगशील?" म्हटलं माहीत नाही. त्यांनी मान हलवली, एक जुडी माझ्याकडे सरकवली आणि आम्ही निवडत बसलो. मी बाबांना सांगितलं नाही. बारावीला फिजिक्समध्ये नापास झाले, एक वर्ष घरात बसले, ते वर्ष कसं गेलं ते मी अजून नीट कुणाला सांगू शकत नाही, मग आर्ट्स, मग मानसशास्त्र. पुढे एम.ए.ला असताना आम्हाला ऐकण्याच्या कौशल्यांवर एक अख्खं प्रकरण होतं, समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबायचं, आपलं मत मधे आणायचं नाही, शांततेला घाबरायचं नाही. मी ते वाचत होते आणि मला मेथीचा वास येत होता.

पण हेही तेवढंच खरं की मावशींकडे माहिती नव्हती. आर्ट्स घेऊन पुढे काय करता येतं हे त्यांना कुठून ठाऊक असणार, आणि ते मला त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर कदाचित मी बाबांसमोर तोंड उघडलं असतं. म्हणून नुसतं ऐकणं पुरतं असं मी म्हणणार नाही. मुलाला दोन्ही लागतं, बसायला माणूस पण आणि आयटीआयचा फॉर्म कधी निघतो ते पण.

माहितीचं म्हणाल तर बोर्डानं २०१६ मध्ये दहावीच्या सगळ्या मुलांची कलचाचणी सुरू केली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. आमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये तेव्हा चालू असलेले मोजके कॉम्प्युटर, पोरांची रांग व्हरांड्यापर्यंत, आणि नंतर निकालाबरोबर प्रत्येकाच्या हातात अहवाल. वाणिज्य, ललित कला, कृषी, तांत्रिक, अशी सात क्षेत्रं होती. एका मुलीचं आलं गणवेशधारी सेवा. ती तो कागद घेऊन माझ्याकडे पळत आली, मॅडम म्हणजे पोलिस का? आणि तिच्या डोळ्यात असं काहीतरी होतं की जणू कुणीतरी तिचं गुपित ओळखलंय. आम्ही तासभर बसलो, उंची किती लागते, मैदानी चाचणी काय असते, बारावी करावीच लागेल का, एनसीसी कुठल्या कॉलेजात आहे. आणि त्याच आठवड्यात एका मुलाचे वडील तोच कागद माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "ललित कला आलंय, आता ह्याचं काय करायचं?" त्यांनी चिडून नाही विचारलं, अगदी खरंच विचारलं. त्यांना भीती वाटत होती. कागद म्हणतो तुमच्या मुलाचा कल चित्रकलेकडे आहे, आणि घरभाडं, धाकटी बहीण, गावची जमीन ह्यातलं कागदाला काहीच माहीत नाही. चाचणी घेणं सोपं आहे, अहवाल घेऊन कुणीतरी त्या माणसासमोर बसायला लागतं, आणि ते बसणारं माणूस किती शाळांमध्ये होतं?

पुण्यात ज्ञान प्रबोधिनी, ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था, अशा ठिकाणी ही कामं वर्षानुवर्षं मन लावून होतायत, नीट चाचण्या, नंतर पालकांना बसवून चर्चा. ज्यांना माहिती आहे आणि परवडतं ते जातात. आमच्या शाळेतले बहुतेक पालक तिथपर्यंत पोचतच नाहीत, त्यांच्यापर्यंत काय पोचतं तर बोटांचे ठसे घेऊन मेंदू सांगणारे. दरवर्षी जानेवारीच्या आसपास कुणीतरी शाळेत येतं, मशीन, रंगीत फाइल, तुमचा मुलगा डाव्या मेंदूचा आहे म्हणून. ह्याला काडीचा शास्त्रीय आधार नाही आणि हजारो रुपये मोजून घरकाम करणाऱ्या आयांनी ती फाइल माझ्यासमोर उघडलेली आहे, प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये जपून ठेवलेली. त्या वेळेस त्यांना काय सांगायचं? खरं सांगितलं तर पैसे गेल्याचं दुःख, नाही सांगितलं तर मुलाचं नुकसान. मी खरं सांगते. आणि त्या निघून गेल्यावर मला बराच वेळ काही सुचत नाही.

एक गोष्ट मात्र अशी आहे की जिच्याबद्दल मी कधीच निवांत होऊ शकलेले नाही. मूल समोर बसलं की मी आधी सांगते, इथं बोललेलं बाहेर जात नाही. आणि लगेच पुढचं वाक्य सांगावं लागतं, की तुला कुणी त्रास देत असेल, तुझ्या अंगाला कुणी हात लावत असेल, किंवा तुझ्या जिवाला धोका असेल, तर मात्र मला ते सांगावं लागेल. २०१२ चा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा आहे, कळल्यावर न कळवणं हा गुन्हा आहे आणि तो असायलाच पाहिजे, मला त्याबद्दल तिळमात्र शंका नाही. पण काही वर्षांपूर्वी एक नववीतली मुलगी समोर बसली होती, मी पहिलं वाक्य बोलले तेव्हा तिचे खांदे सैल झाले, दुसरं बोलले आणि ती उठली. "काही नाही मॅडम, असंच आले होते." गेली. मी नंतर तिच्या वर्गात जात राहिले, तिच्या आईला वेगळ्या कारणाने बोलावलं, मैत्रिणींशी बोलले, काही हाती लागलं नाही. कदाचित काही नसेलही. ती आता कुठंतरी कॉलेज करत असेल. "काही नाही, असंच" हे शब्द ऐकले की अजूनही माझ्या पोटात खड्डा पडतो.

१४४१६, टेली-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर, आमच्याकडे नोटीस बोर्डावर मोठ्या अक्षरात लावला होता. तिथं उभं राहून तो उतरवून घेणार कोण, सगळ्यांच्या देखत? मग मी तो छोट्या चिठ्ठ्यांवर लिहून मुलींच्या आणि मुलांच्या स्वच्छतागृहात दारांच्या आतल्या बाजूला चिकटवला, सोबत मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ पण. सफाईवाल्या ताईंना सांगून ठेवलं की धुताना भिजला तर मला सांगा, मी नवा लावते. त्या मला न सांगता स्वतःच सेलोटेप लावतात आता. बोर्डाच्या परीक्षेत मंडळ जिल्ह्याजिल्ह्यातल्या समुपदेशकांचे नंबर जाहीर करतं, माझी एक मैत्रीण त्या यादीत असते, ती सांगते की दिवसा फोन येतात ते हॉल तिकिटाचे, पुरवणीचे, केंद्र कुठं आहे त्याचे. रात्रीचे वेगळे असतात.

गेल्या वर्षी, २०२५ च्या जुलैत, सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. विशाखापट्टणमला नीटची, मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेची, तयारी करणारी एक सतरा वर्षांची मुलगी वारली होती, तिच्या वडिलांनी लढलेली केस. त्यात कोर्टानं सांगितलं की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील त्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेनं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा किंवा जोडून घ्यावा. मी ती बातमी वाचली तेव्हा लोकलमध्ये उभी होते, लेडीज डब्यात, आणि शेजारच्या अनोळखी बाईला मी ती वाचून दाखवली, मला राहवलंच नाही. दुसऱ्या दिवशी कात्रण मुख्याध्यापक बाईंना दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, आणि म्हणाल्या, "चौदाशे मुलांना तुम्ही एक, आणि तुम्ही पण दोनच दिवस." त्या वाईट नाहीत हो. त्यांच्याकडे गणिताचं पद रिकामं आहे, दोन शिक्षक बीएलओच्या, म्हणजे मतदारयादीच्या कामाला, एक बाई बाळंतपणाच्या रजेवर, वर यूडायसची शाळेची माहिती भरायची, वर मुलांचे अपार आयडी काढायचे. चाळीस-पन्नास पोरं वर्गात एकटी सोडली आणि कुणाचं डोकं फुटलं तर उत्तर त्यांनाच द्यायचंय. म्हणून आठवी ब. मला हे सगळं कळतं, आणि तरीही त्या गुरुवारी संध्याकाळी घरी जाताना मी ठरवलं होतं की ह्या वेळेस बोलायचं.

मंगळवारी मी लवकर गेले. दहावीच्या चारही तुकड्यांच्या दारात उभी राहून बघितलं, तो क मध्ये बसतो असं कळलं आणि त्या दिवशी तो आलेला नव्हता. वर्गशिक्षक म्हणाले गावी गेलाय, कुणाचं तरी लग्न. मला ते खरं वाटलं आणि नाही पण वाटलं. मग मुख्याध्यापक बाईंकडे गेले आणि म्हटलं, मॅडम, मला बदली तास देऊ नका, किमान मधल्या सुट्टीच्या आधीचा आणि नंतरचा तरी. मी तिथं बसलेली दिसले पाहिजे. त्यांनी विचारलं, कुणी ठरलेलं येणार आहे का? मी म्हटलं नाही, कुणी ठरलेलं नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी स्टेपलरचं सांगितलं, हात मोकळे होते ते सांगितलं. सांगताना माझा आवाज थोडा कापला. त्या काही बोलल्या नाहीत, टेबलावरच्या तक्त्यात पेन्सिलीनं दोन चौकोनांवर काट मारली. "बघू, जमेल तेवढे दिवस."

पुढचे तीन आठवडे मी दार उघडं टाकून बसले. पोरं आली गेली. पिनांचा एक डबा संपला. तो एकदा व्हरांड्यातून जाताना दिसला, मित्रांबरोबर होता, माझ्याकडे बघितलं आणि बघितलंच नाही असं केलं. मी हाक मारली नाही. मारायला हवी होती का? मला माहीत नाही, त्या दिवशी हाक घशापर्यंत आली होती. चार पोरांसमोर समुपदेशक बाईंनी नावानं हाक मारली तर त्याचे शाळेतले उरलेले महिने कसे जातील ते मला माहीत आहे, आणि नाही मारली तर काय होईल ते मला माहीत नव्हतं.

जानेवारीतल्या एका गुरुवारी, मधली सुट्टी संपल्यावर, तो दारात आला. "मॅडम, स्टेपलर." ह्या वेळेस हातात कागद होते, फुलस्केप वहीतून फाडलेली दोन पानं, कडेला फाटल्याच्या बारीक झालरी तशाच. मी स्टेपलर पुढं केला. त्याने पानं नीट जुळवून एका कोपऱ्याला पिन मारली. मग दुसऱ्या कोपऱ्याला मारली. दोन्ही पानं पाठपोट कोरी होती. त्याला दिसलं की मला दिसलंय. बाहेरून फास्ट गेली, लेझिमी वाजल्या, तो वर बघून म्हणाला ह्या अजून वापरतात का, मी म्हटलं पंधरा ऑगस्टला काढतात, वाजवून बघ हवी तर. त्याने एक खिळ्यावरून उतरवली, हलकेच एकदा हलवली, मांडीवर ठेवली आणि खुर्चीत बसला. मी त्याला माझी दोन वाक्यं सांगितली, पहिलं आणि दुसरं. तो उठला नाही.

पुढं तो काय बोलला ते मी इथं लिहिणार नाही. घंटा झाली तेव्हा लेझीम परत खिळ्याला लावून तो गेला, ती पानं टेबलावरच राहिली. मी ती ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. मंगळवारी तो ती न्यायला आला.